रामनगरची रामलीला: घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावी अशी



आषाढी झाली. वारकरी घरी परतले, पेरण्या उरकल्या, कोळपण्या-खुरपण्या चालू आहेत. या दिवसांत या सदरात आपण खताचा दुसरा हप्ता, तण आणि मावा-तुडतुडे यांविषयी बोलत असतो. आज मात्र थोडे वेगळे सांगायचे आहे. यंदा भाद्रपदाच्या अखेरीस सात-आठ दिवस काढा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून एक नाटक पाहून या, असे मला सुचवायचे आहे.

“नाटकासाठी एवढ्या लांब?” असे तुम्ही म्हणाल. नाटक-तमाशा आपल्याला नवा नाही. कोकणात दशावतार आहे, नाशिक-पालघरच्या डोंगरपट्ट्यात मुखवट्यांचा बोहाडा आहे, देशावर लळित आणि भारुडे आहेत. पण मी सांगतो आहे ते नाटक कोण्या नाट्यगृहात होत नाही. एक अख्खे गाव त्याचा रंगमंच होते. ते ३१ दिवस चालते, त्याला ध्वनिक्षेपक नाही, विजेचा दिवा नाही आणि तिकीटही नाही. ते पाहायला बसायचे नसते, त्याच्याबरोबर चालायचे असते. हे नाटक म्हणजे काशीजवळच्या रामनगरची रामलीला.

कोठे आणि केव्हा

काशी गंगेच्या पश्चिम काठावर आहे. तिच्या समोरच्या अंगाला, पूर्वेच्या काठावर, थोडे दक्षिणेला रामनगर आहे. तेथे काशीच्या राजघराण्याचा किल्ला आहे. राजा बलवंतसिंह यांनी तो १७५०च्या सुमारास चुनारच्या दगडात बांधला. किल्ल्याच्या भिंती थेट गंगेच्या पाण्यातून वर आल्यासारख्या दिसतात. आत संग्रहालय आहे. त्यात जुन्या पालख्या, मेणे, हत्यारे, मोटारी आणि ग्रहताऱ्यांची स्थिती दाखवणारे एक मोठे घड्याळ आहे. मुलांना ते दाखवाच.

रामलीलेला आजचे रूप दिले ते याच घराण्याने. १८३०च्या सुमारास महाराजा उदितनारायणसिंह यांनी ती येथे सुरू केली. त्यांच्यानंतर १८३५ ते १८८९ असा दीर्घकाळ गादीवर असलेल्या ईश्वरीप्रसाद नारायणसिंह यांनी पंडितांच्या मदतीने संवाद, जागा आणि क्रम यांची घडी बसवली. तीच घडी आज पावणेदोनशे वर्षे मोडलेली नाही. रामलीलेच्या परंपरेला २००८ साली युनेस्कोच्या जागतिक यादीत स्थान मिळाले. त्या परंपरेतील रामनगरची लीला विशेष नावाजलेली आहे.

आपल्या पंचांगाप्रमाणे ती भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि आश्विनातल्या कोजागरीच्या सुमारास संपते. आपल्याकडे गणपती बोळवले जातात त्याच दिवशी तिकडे लीला उभी राहते, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

गावच होते रामायण

रामनगरात कोठेही एक रंगमंच नाही. किल्ल्याजवळ अयोध्या आहे. थोड्या अंतरावर जनकपूर आहे. कोठे चित्रकूट आहे, कोठे पंचवटी आहे, आणि गावाबाहेर मोठ्या मैदानात लंका आहे. या जागा ठरलेल्या आहेत, वर्षानुवर्षे त्याच. कोठे पक्का चौथरा आहे, कोठे बाग, कोठे देऊळ, कोठे तळे. पहिल्या दिवशी एक तळेच क्षीरसागर होते आणि त्यात शेषशायी विष्णूचे दर्शन घडते. आपल्या नाशिकला पंचवटी आहेच. पण तिथून निघून शेकडो कोस लांबच्या दुसऱ्या पंचवटीत उभे राहताना आपल्या माणसाला काही वेगळेच वाटते.

कथा पुढे सरकली की पात्रे पुढच्या ठिकाणी जातात आणि हजारो लोक त्यांच्यामागून चालू लागतात. राम वनवासाला निघाला की लोकही त्याच्याबरोबर निघतात. घडले काय ते कोणी सांगण्यापूर्वी पायांना कळते. वारीला गेलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

प्रयोग संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू होतो. दिवस मावळला की तो थांबतो, कारण महाराजांची संध्येची वेळ होते. त्या वेळात लोक चणे-मुरमुरे खातात, कोणी भजन म्हणतात, कोणी सोबत आणलेली पोथी उघडतात. मग मशाली आणि पेट्रोमॅक्सच्या बत्त्या पेटतात आणि रात्री दहाच्या आसपासपर्यंत लीला चालते. शेवटी आरती होते. त्या वेळी महताबी पेटवतात. तिच्या पांढऱ्या-तांबड्या झगझगीत उजेडात राम, सीता आणि भाऊ निश्चल उभे असतात. तो क्षण फार थोडा टिकतो. लोक त्यासाठीच मैल मैल चालून येतात.

काशीनरेश स्वतः हत्तीवरून येतात आणि गर्दीच्या मागच्या कडेला उभे राहून लीला पाहतात. ते दिसले की लोक “हर हर महादेव” असा गजर करतात. पूर्वीचे महाराज विभूतिनारायणसिंह २००० साली वारले. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र अनंतनारायणसिंह ही रीत सांभाळत आले आहेत. संस्थाने केव्हाच गेली, पण लीलेपुरता राजा राहिला आहे.

यात एक गंमत आहे. दसऱ्याला महाराजांची मिरवणूक थाटाने लंकेच्या मैदानापर्यंत येते. पण रावण पडण्यापूर्वीच ते परत फिरतात. एका राजाचा वध दुसऱ्या राजाने पाहू नये, असा संकेत आहे म्हणतात.

आवाज पोचतो कसा?

मला सर्वांत नवल वाटले ते याचे. हजारोंची गर्दी आणि ध्वनिक्षेपक नाही. मग ऐकू कसे येते?

त्याची व्यवस्था अशी आहे. रामायणी म्हणून गायकांचा एक गट असतो. ते मृदंग आणि झांजांच्या तालावर तुलसीदासांचे रामचरितमानस गातात. त्यांचा भाग झाला की हातात पोथी घेतलेले व्यास पुढे होतात आणि “चुप रहो, सावधान!” अशी आरोळी देतात. क्षणात गर्दी गप्प होते. मग पात्र आपला संवाद म्हणते, एकेक शब्द लांबवून, वरच्या पट्टीत. संवाद संपला की पुन्हा गायन. पुन्हा आरोळी, पुन्हा संवाद.

म्हणजे ऐकू येते ते लोक गप्प बसतात म्हणून. आपल्याकडे ग्रामसभेत कर्णे लावूनही कोणाचे कोणाला ऐकू येत नाही. येथे काही हजार माणसे एका आरोळीवर शांत होतात, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो.

होय, राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता ही पाचही कामे लहान मुलगेच करतात. त्यांना स्वरूप म्हणतात. आवाज फुटण्याच्या आतल्या वयाची मुले निवडतात, व्यास त्यांच्याकडून कित्येक आठवडे संवाद पाठ करून घेतात. लीला चालू असेपर्यंत लोक त्यांना देवच मानतात. त्यांना खांद्यावरून नेतात आणि म्हातारी माणसे त्यांच्या पाया पडतात. बाकीच्या पात्रांपैकी काही कामे एकेका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. बांबू आणि कागदाचे राक्षसांचे प्रचंड पुतळे आणि शोभेची दारू या कामांत मुसलमान कारागीर आहेत, आणि तेही पिढीजात. मशालवाला मशाल धरतो, हत्तीचा माहूत हत्ती आणतो. ज्याचे जे काम ते त्याने ठरल्या दिवशी, ठरल्या जागी करायचे. पेरणी वेळेवर न झाल्यास काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. लीलेचेही तसेच आहे.

प्रेक्षकांतही असे नेमाचे लोक आहेत. त्यांना नेमी म्हणतात. ते महिनाभर रोज येतात, स्वच्छ पांढरे धोतर, कपाळी गंध, हातात काठी आणि बगलेत मानसाची पोथी. गायन चालू झाले की तेही पोथीत बघून सोबत म्हणतात. आपल्या गावच्या पारायणाला बसणारी जुनी मंडळी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे नेमी कसे ते कळेल.

आपला तिथे काय संबंध?

भाषा अवधी आहे, संवाद हिंदीत आहेत. अडचण येत नाही. कथा आपल्याला पाठ आहे, आणि पाठ असलेली कथा कोणत्याही भाषेत कळते.

शिवाय काशीत आपण परके नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी आपले भागवत १५७३ साली काशीतच पूर्ण केले. तुलसीदासांनी रामचरितमानस लिहायला घेतले ते १५७४ साली. एकाच काळात दोघे संत सामान्य माणसाच्या भाषेत देवाची कथा आणत होते. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधले. गंगेच्या काठी शिंद्यांचा घाट आहे, भोसल्यांचा घाट आहे.

मराठी नाटकाचा उगमही याच कथेत आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, तेथून मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात. रामनगरात तोच प्रसंग तुम्हाला उघड्या आकाशाखाली पाहायला मिळतो. रामाने धनुष्य मोडले की तोफ उडते. लहान मुले दचकतात, मोठी माणसे हसतात.

आणि सीता तर आपलीच. सीता या शब्दाचा अर्थच नांगराच्या फाळाने पडलेली तास. जनकराजा जमीन नांगरत होता तेव्हा त्या तासात ती सापडली. शेतकऱ्याच्या घरातल्या लेकीची कथा शेतकऱ्याने पाहिली नाही तर कोणी पाहायची?

मागे कोण राहते?

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. आपल्याकडे यात्रा होतात, पंढरी होते, लग्नाला परगावी जाणे होते. पण घरातले एक माणूस नेहमी मागे राहते. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे घरची बाई. म्हैस असते, कोंबड्या असतात, म्हातारे माणूस असते. “तुम्ही या जाऊन, मी बघते इकडं,” असे ती म्हणते. आणि आपण ते सोयीने ऐकतो.

गावोगाव मेळाव्यांत मी फवारणीचे वेळापत्रक सांगत आलो आहे. एकदा एका मेळाव्यात मागच्या रांगेतली एक बाई उठून म्हणाली, “साहेब, पिकाचं सगळं सांगता. आम्ही कधी बाहेर पडायचं, त्याचंबी टाइमटेबल सांगा की.” सगळे हसले. ती हसली नाही.

आमच्या घरचेच सांगतो. २०२४ साली आम्ही सहाजण रामनगरला गेलो. मी, सौभाग्यवती, आई, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि नऊ वर्षांची पुतणी. शेती भाऊ पाहतो आणि गोठा पाहते ती भावजय. लग्न होऊन तिला बारा वर्षे झाली होती, आणि माहेर सोडले तर ती एक रात्रही घराबाहेर राहिलेली नव्हती. “म्हशीचं कोण पाहील?” हे तिचे पहिले उत्तर. तिचा भाचा आठ दिवस आधी येऊन राहिला, रोज तिच्या शेजारी बसून धार काढायला लागला, तेव्हा कोठे तिने पिशवी भरली.

आम्ही चार संध्याकाळी लीला पाहिली. फुलबाग, धनुष्यभंग, विवाह आणि पाठवणी. आईला अक्षर येत नाही. एका म्हाताऱ्या नेमी बाईने तिला आपल्या गोणपाटावर जागा दिली. दोघींची भाषा वेगळी, पण चारही दिवस त्या एकमेकींना शोधून शेजारी बसत. पुतणीने पहिल्या दिवशी दहा वेळा “कधी संपणार?” विचारले. तिसऱ्या दिवशी तीच “सावधान!” म्हणून आम्हाला गप्प करू लागली.

पाठवणीच्या संध्याकाळी सीतेची डोली निघाली तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. भावजयही रडत होती. माझ्यापुढे ती मोकळी बोलत नाही. रात्री मुक्कामी आल्यावर ती आपल्या जाऊबाईंना म्हणाली, “माझं लग्न झालं त्या दिवशी मला रडायला सवडच नव्हती. पावसानं मांडव पडला होता, सगळी धावपळ. आज रडून घेतलं.” सौभाग्यवतींनी मला ते नंतर सांगितले.

एवढ्यासाठी म्हणतो, मागे कोणाला ठेवू नका. नाटक हे फक्त करमणुकीसाठी नसते. आपल्या मनात जे साठलेले असते त्याला वाट मिळते. ज्याच्या मनात सर्वांत जास्त साठले आहे, तोच घरी राहिला तर जाऊन उपयोग काय?

घर मोकळे कसे करावे

पंचांग आधी पाहा. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना हे पंधरा-सोळा दिवस आपल्याला सोयीचे. मूग-उडीद निघालेले असतात, सोयाबीन शेंगेत असते आणि कपाशीची वेचणी बहुधा अजून सुरू व्हायची असते. घटस्थापनेला घरी हवेच. पितृपंधरवड्यात घरातल्या तिथी सांभाळून दिवस निवडा. ज्या वर्षी अधिक महिना येऊन जातो त्या वर्षी चतुर्दशी उशिरा येते आणि सोयाबीनच्या काढणीशी गाठ पडते. अशा वर्षी लवकर येणारे वाण असेल तर बेत पुढच्या वर्षावर टाका. पक्व सोयाबीन उभे ठेवून कोठेही जाऊ नका. शेंगा तडकल्या की देवही भरून देत नाही.

पिके. निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस शेत नीट फिरून बघा. सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्या आणि चक्रीभुंगा पाहा. कपाशीत हेक्टरी ५ कामगंध सापळे लावलेले असावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ किंवा अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग आले तर नुकसानीची पातळी गाठली असे समजा आणि उपाय करूनच निघा. मागे लक्ष ठेवणाऱ्या माणसाला सापळा मोजायला शिकवून ठेवा. शेतातले पाणी निघून जाण्यासाठी चर मोकळे करा. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो.

जनावरे. दुभते जनावर माणूस ओळखते. हात बदलला की ते पान्हवत नाही आणि दूध चोरते. म्हणून धार काढणारा माणूस आठ दिवस आधी आणा. पहिले दोन-तीन दिवस त्याने फक्त शेजारी बसावे, वैरण घालावी, मग एका वेळची धार काढावी, नंतर दोन्ही वेळची. आमच्या म्हशीचे दूध पहिले दोन दिवस लिटरभर कमी झाले, मग पूर्ववत आले. खुराक तोच आणि वेळ तीच ठेवा. आठ दिवसांची पेंड मोजून वेगळ्या पोत्यात भरा. पशुवैद्याचा फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. विण्याच्या बेतात आलेले जनावर असेल तर मात्र जाऊ नका.

अदलाबदल. ज्या घराने तुमचा गोठा सांभाळला, त्याचा गोठा पुढच्या वर्षी तुम्ही सांभाळा. सावड पूर्वी पेरणीला होती, कापणीला होती. यात्रेलाही असावी. दोन घरांनी अशी जोडी केली की दोन्ही घरांतल्या बायका बाहेर पडतील.

पैसा. पीककर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही, उसनवारी करायची नाही. दर महिन्याला ५०० रुपये बाजूला काढले तर वर्षाला ६,००० होतात. दुधाच्या पगारातून ते काढणे सोपे जाते. बाईच्या नावाने, बचत गटाच्या खात्यात ठेवले तर ते टिकतात, हा माझा अनुभव आहे. यंदा जमले नाही तर यंदा साठवायला लागा आणि पुढच्या भाद्रपदात जा.

प्रवासाच्या चार गोष्टी

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. आषाढी ते अनंत चतुर्दशी साधारण तेवढेच अंतर आहे, म्हणून आज हे लिहितो आहे. मुंबईहून मनमाड, भुसावळ, इटारसी, जबलपूरमार्गे वाराणसीला थेट गाड्या आहेत. जुने मुगलसराय जंक्शन म्हणजे २०१८पासूनचे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन. तेथे उतरूनही रामनगरला रिक्षाने जाता येते.

पितृपंधरवड्यात काशीत पिंडदानासाठी गर्दी असते. उतरायची जागा आधी ठरवा. रामनगरात किंवा पुलाच्या अलीकडे, हिंदू विश्वविद्यालयाच्या बाजूला उतरलात तर रात्री परतायला सोपे. रिक्षावाल्याला “रामनगरची लंका” असे पूर्ण सांगा. वाराणसी शहरातही विश्वविद्यालयाजवळ लंका नावाची वस्ती आहे, तीही दुसऱ्या एका जुन्या रामलीलेमुळेच. नुसते “लंका” म्हटले तर तो तिथे नेऊन सोडेल. गंगा दुथडी असते तेव्हा नावेचा मोह टाळा, पुलावरून जा.

दुपारी पोटभर झोप घ्या. मैदानात बसायला गोणपाट, हातात बॅटरी, प्यायला पाणी, पावसासाठी एक प्लास्टिकचा कागद आणि डासांसाठी अंगभर कपडे हवेत. चिखल असतो, म्हणून वयस्कर माणसाचा हात एकाने धरायचाच. तसेच लहान मुलांच्या खिशात मुक्कामाचा पत्ता आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवा. दसऱ्याच्या दिवशी प्रचंड गर्दी होते. म्हातारी आणि लहान मुले बरोबर असतील तर पहिला आठवडा बरा. मोबाईल पिशवीत ठेवा. त्याचा उजेड शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि तुमचे स्वतःचे पाहायचे राहून जाते.

दिवसा वेळ असतो. रामनगरातच लालबहादूर शास्त्रींचे घर आहे, ते आता स्मारक केले आहे. १९६५ साली ‘जय जवान, जय किसान’ म्हणणारा माणूस किती साध्या घरात वाढला ते मुलांना दाखवा. ज्यांना भाजीपाल्यात रस आहे त्यांच्यासाठी वाराणसीजवळच भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. आधी फोन करून परवानगी घेतलीत तर एक सकाळ सत्कारणी लागेल. पण हे जोडीचे आहे. मुख्य काम संध्याकाळचे.

आणखी एक. लीला सगळी पाहायचा हट्ट धरू नका. ३१ दिवस तेथे राहणे आपल्याला शक्य नाही, आणि गरजही नाही. चार संध्याकाळी पाहा, पण सुरुवातीपासून आरतीपर्यंत पाहा. मध्येच उठून दुसरीकडे धावलात तर दोन्हीकडचे हातचे जाते.

तेव्हा आज रात्री जेवणे झाली की पंचांग काढा, घरातल्या सगळ्यांना बसवा आणि तारखा ठरवा. ठरवताना पहिला प्रश्न “कोण कोण जाणार?” असा विचारू नका. “गोठ्याला कोणाला बोलवायचे?” असा विचारा. त्याचे उत्तर मिळाले की बाकीचे सोपे आहे. जाऊन आलात की या सदराच्या पत्त्यावर चार ओळी लिहा, आणि त्या घरातल्या बाईने लिहिलेल्या असल्या तर अधिक आनंद होईल.

पुढच्या अंकात सोयाबीनवरील चक्रीभुंग्याविषयी बोलू. तोपर्यंत शेतात फेरी चालू ठेवा.

तुमचा,
विस्तार अधिकारी (कृषी)